एक रुपयाचा गेम आणि कापसाचा चुकारा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला कोरडवाहू शेतकरी. जानेवारीत कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, खात्यात आला आणि त्यातले ४७,९९८ रुपये एका रात्रीत गेले. आमच्याकडे बहुतेक घरांत मोठा फोन एकच असतो. बँक त्यातच, पोरांचे गेमही त्यातच. म्हणून कसं घडलं ते सगळं लिहितो.

पोरगा सातवीत आहे. त्याला 'हॉट व्हील्स अनलिश्ड'चा व्हिडिओ दिसला. बोटभर खेळण्यातल्या गाड्या नारिंगी पट्टीवरून तळघरात, गॅरेजात सुसाट पळतात. "बाबा, पाहा ना, हे मोबाइलवर फुकट भेटून राहिलं," म्हणाला. व्हिडिओखाली लिंक होती. प्ले स्टोअरवर का नाही, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिथंच थांबलो असतो. हा गेम २०२१ साली इटलीतल्या माइलस्टोन कंपनीने कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विचसाठी काढला, फोनसाठी नाही. म्हणजे आम्ही जे उतरवलं तो गेम नव्हताच. फाइलही जेमतेम १२ एमबीची होती. इतका देखणा गेम एवढ्याशा फाइलीत मावत नाही, हे मला नंतर पुतण्याने सांगितलं.

फोनने धोक्याची सूचना दिली होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. पण त्या पानावरच लिहिलं होतं की प्ले प्रोटेक्ट (फोनमधली धोक्याची ॲप ओळखणारी सोय) बंद करा, मग 'अज्ञात ॲप' चालू द्या. पोराने केलं. मग ॲपने मेसेजचं मुख्य ॲप व्हायची परवानगी मागितली, म्हणजे मेसेज वाचायची आणि पुसायचीही. गाड्यांच्या गेमला माझे मेसेज कशाला हवेत? तीही दिली. शेवटी 'वय तपासणीसाठी फक्त १ रुपया' आलं आणि तिथं पोरगा माझ्याकडे आला. एटीएम कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मी स्वतःच्या हाताने भरले. एका रुपयासाठी पोराला नाही कसं म्हणायचं, एवढाच विचार होता.

पडद्यावर गोल फिरत राहिलं. 'फाइल उतरत आहे, नेट बंद करू नका.' रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवला. त्याच रात्री १९,९९९, पुन्हा १९,९९९ आणि मग ८,००० रुपये गेले. ओटीपी आले ते त्या ॲपने वाचले आणि पुसले, त्यामुळे सकाळी मला मेसेज एकही दिसला नाही.

दोन दिवसांनी बाजाराच्या दिवशी वेचणीच्या बायांची मजुरी द्यायला पैसे काढायला गेलो, तेव्हा कळलं. बाया दारात बसलेल्या होत्या. त्यांचा आठवड्याचा किराणा त्या पैशांवर होता. मेहुण्याकडून उसने आणून दिले, पण ती दुपार आठवली की अजून जेवण जात नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. माझे दोन दिवस गेले होते. फक्त ८,००० रुपये अडकवले गेले आहेत, तेही अजून हातात नाहीत. शाखेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं. कार्डाची माहिती आपणच दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर गेलं तर बँकेचं. म्हणून असं काही झाल्याचा संशय जरी आला तरी त्या फोनचं नेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० लावा, कार्ड बंद करा. सकाळ होण्याची वाट पाहू नका. फोन साफ करण्याआधी त्या पानाचे, लिंकचे फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्या, पोलीस मागतात.

पोराला मी रागावलो नाही. कार्ड मीच भरलं होतं. पण त्याने तीच लिंक वर्गातल्या चौघांना पाठवली होती. चारही घरी जाऊन आलो. तिघांनी माझ्यासमोर फाइल काढून टाकली. चौथ्या घरचे फोन घेऊन वावरात गेले आहेत. त्यांचाही चुकारा याच आठवड्यात जमा झाला. आता तिकडेच निघतो आहे.