मुखदुर्बळ विद्यार्थ्याच्या नजरेतून सदाशिव पेठेतील एक मेस

गेल्या जुलैमध्ये बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी सांगोल्याहून पुण्यात आलो, तेव्हा मेस निवडताना चव, स्वच्छता आणि दर पाहावेत, असे सगळ्यांनी बजावले होते. चौथी गोष्ट कुणी सांगितली नाही आणि माझ्यासारख्या भिडस्त मुलासाठी नेमकी तीच महत्त्वाची ठरली : तिथे पोट भरायला किती वेळा तोंड उघडावे लागते? सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, बाहेर नावाची पाटीही नसलेल्या ज्या मेसमध्ये मी ऑगस्टपासून जेवतो आहे, तिचे हे परीक्षण मुख्यतः त्याच कसोटीवर केले आहे.

त्याआधी महिनाभर दुसरीकडे जेवत होतो. तिथले अन्न वाईट नव्हते. पण पहिली वाढ झाल्यावर काही हवे असेल तर स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारावी लागे आणि दुपारी एकच्या गर्दीत माझी हाक शेजाऱ्यालाही ऐकू जात नसे. एकदा धीर करून ‘चपाती’ मागितली, तर वाढणारे गृहस्थ हसत म्हणाले, ‘‘पोळी म्हणा, पोळी!’’ त्यांच्या मनात काही नसेलही, मी मात्र उरलेले सगळे दिवस पहिल्या तीन पोळ्यांवरच ताटावरून उठलो. खाडा सांगायचा तर सकाळी दहाच्या आत फोन करायचा, हाही तिथला नियम होता. अनोळखी माणसाला फोन करण्यापेक्षा पैसे गेलेले परवडले, असे म्हणत मी त्या महिन्यात नऊ खाडे बुडवले.

आताच्या मेसमध्ये खाड्याची वही दाराशी खिळ्याला सुतळीने टांगलेली असते. तारखेखाली कार्डाचा क्रमांक लिहायचा आणि निघून जायचे. महिनाअखेरीला काकू स्वतःच हिशेब करून तेवढी जेवणे पुढच्या कार्डावर चढवतात. साठ जेवणांच्या कार्डाला ३,३०० रुपये पडतात. वाढणाऱ्या मावशी पोळ्यांचा डबा घेऊन फिरत राहतात आणि ताट रिकामे दिसले की न विचारता वाढतात. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. ज्यांना ‘अजून एक वाढा’ म्हणायला कधीच अवघड गेले नाही, त्यांना या व्यवस्थेचे मोल कळणार नाही. पूर्वी याच शहरात गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी, जेवत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातल्या मुलांनी घरोघर माधुकरी मागून शिक्षण घेतले. दारात उभे राहून ‘भवति भिक्षां देहि’ म्हणण्याची वेळ माझ्यावर आली असती, तर मी बहुधा उपाशीच राहिलो असतो.

जेवणाविषयी थोडक्यात सांगायचे तर आमटी उत्तम, भाज्या बऱ्या आणि भात अनेकदा फडफडीत. आठवड्यातून दोनदा बटाट्याचा रस्सा असतोच. बुधवारी ज्वारीची भाकरी मिळते, ती सोलापूरकडच्या माणसाला जरा जाडच वाटेल. रविवारी दुपारी मसालेभात आणि एखादे गोड असते, मात्र पुण्यातल्या बहुतेक मेसप्रमाणे रविवारी संध्याकाळी ही मेसही बंद असते, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. त्या रात्री हॉटेलात जाऊन ‘एकच जण’ असे सांगत टेबल मागण्याऐवजी मी पहिले सत्र केळी आणि शेंगदाण्यांच्या लाडूंवर काढले. काकूंनी रविवारसाठी आगाऊ सांगून डबा नेण्याची सोय केली, तर नव्या मुलांवर उपकार होतील.

मेसमधली सर्वांत चांगली गोष्ट मात्र कुणी ठरवून केलेली नसावी. सहा जणांच्या टेबलावर लोणच्याची बरणी एकच असते आणि ती नेहमी दुसऱ्या टोकाला असते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाला एक वर्ग, ओपन इलेक्टिव्हला म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयाला दुसराच, त्यामुळे महाविद्यालयात तासागणिक शेजारचे चेहरे बदलतात आणि एखाद्याशी बोलण्याचा धीर गोळा होईपर्यंत तो उठून गेलेला असतो. मेसमध्ये साडेआठच्या पंगतीला रोज तेच पाच जण असत. तिसऱ्या आठवड्यात मी ‘‘जरा लोणचं देता का?’’ म्हणालो, त्या दिवसभरात उच्चारलेले ते माझे पहिले वाक्य होते. बरणी सरकवणारा मुलगा माझ्याच तुकडीत निघाला आणि दिवाळीच्या सुट्टीआधी माझे रसायनशास्त्राचे जर्नल पूर्ण झाले ते त्याच्या जर्नलवरून.

आता एक गमतीची उणीव. हात धुण्याच्या जागेवर अस्सल पुणेरी पाटी आहे : ‘जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नये.’ पहिल्या दिवशी ती वाचून मला हायसे वाटले होते, कारण गप्पा न मारण्याची रीतसर परवानगीच मिळाली होती. दुसऱ्या सत्रात त्याच पाटीकडे बोट दाखवून काकूंनी मला आतापर्यंत चारदा उठवले आहे. जिन्याखाली चपला ठेवतात तिथे सहा माणसे दाटीवाटीने उभी राहू शकतात, पण दिवा नाही. तेवढा एक बसवावा, अशी सूचना मी मागच्या आठवड्यात काकूंना केली. तोंडी केली, वहीत लिहून नाही.