पाट्याचं काम पहिल्या नंबरचं, तारखेवर मात्र जाऊ नका

वरुडहून मोर्शीकडे निघालं की डाव्या हाताला टिनाचं एक शेड लागतं. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आत कोळशाची भट्टी. पाटी नाही. नाव मीही लिहीत नाही, कारण खाली थोडं वाकडं लिहायचं आहे आणि पुढच्या हंगामात मला माझी ट्रॉली तिथंच न्यायची आहे. गाडीचं वजन आणि धक्के झेलणाऱ्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे कमानीचे पाटे, कोण चांगले करतं, असं संत्रा मंडीत कोणालाही विचारा, तिथंच पाठवतील.

या वेळी तिथं नेली ती माझी गाडी १९४९ची शेवरोले पिकअप, ३१०० मॉडेल. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ ते १९५४ कारखाना होता, तिथं जोडलेली. आबाजींनी ती एका जिनवाल्याकडून जुनी घेतली आणि वीसेक वर्षं तिच्यातून संत्र्याच्या पेट्या वाहिल्या. नंतर ती गोठ्यामागं पडून होती. इंजिन नागपुरात झालं, त्याचं रडगाणं वेगळं. इथं फक्त चेसिस आणि पाट्यांचं सांगतो.

आपल्या काळ्या मातीनं चेसिसचा कसा घात केला ते आधी ऐका. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा: दोन लांब सी-चॅनल (इंग्रजी ‘सी’सारख्या एका बाजूनं उघड्या लोखंडी तुळया) आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. चिखल चॅनलच्या खालच्या ओठात बसतो, वरून सुकतो, आत ओलाच राहतो. उजव्या बाजूला, मागचा पाटा चेसिसला टांगतात त्या हँगरजवळ, मिस्त्रीनं पेचकस टेकवला तर तो थेट आरपार गेला. शेजारच्या रिबेटच्या भोकातून बोटभर चीरही निघालेली.

पुतण्या पुण्याहून मोबाईलमध्ये अमेरिकेतल्या हॉट रॉडचे फोटो घेऊन आला होता. ते लोक अशा जुन्या पिकअपमध्ये मोठं व्ही-एट इंजिन टाकतात, त्याचा पीळ सोसावा म्हणून सी-चॅनल आतून पत्र्यानं बंद करून पेटीसारखं करतात, आणि गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवतात. मिस्त्रीनं फोटो पाहिला न् म्हणाला, "हे बसून काऊन गेली जी? पाटा तुटला का हिचा?" पोट्ट्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पेटी करायला मिस्त्रीनं साफ नकार दिला. "दादा, पेटीत चिखल गेला का मंग निंगत नाई. अन् वावराच्या धुऱ्यावरून जातानी चेसिसनं थोडं पिळलंच पायजे." आमचं इंजिन २१६ क्युबिक इंचाचं, सहा सिलिंडरचं, म्हणजे साडेतीन लिटर, त्याला पेटीची गरजही नव्हती. मग चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवली, सडलेला भाग कापला आणि आतून जाड पट्टी बसवली. पट्टीची टोकं तिरपी कापली, वरच्या-खालच्या ओठावर आडवं वेल्डिंग मारलं नाही, रिबेट लाल करून ठोकले. दिसेल तिथं वेल्डिंग फासणारे मी खूप पाहिले, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

चेसिस सरळ आहे का हे पाहायला त्यानं गवंड्याचा ओळंबा काढला. दोन्ही बाजूंच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या, कर्ण मोजले. पाच सूत फरक (आठ सुतांचा एक इंच). साखळी आणि जॅक लावून दोन दिवसांत तो एका सुतावर आणला.

खरं पाहण्यासारखं काम पाट्यांचं. मिस्त्रीचा बाप बैलगाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायचा. लोखंडाला आच किती आणि पाणी कधी, हे या घरात मुरलेलं आहे. पुढचे मेन पाटे नवे घेतले. बाकीचे भट्टीत लाल करून फरशीवर खडूनं काढलेल्या कमानीला जुळवले, तेलात बुडवले आणि परत हलकी आच दिली. ही दुसरी आच दिली नाही तर पाटा कडक राहतो पण काचेसारखा तडकतो. आणि नुसतं लाल करून घणानं वाकवून दिलेला पाटा महिन्याभरात बसतो. मागच्या चाकांवर आबाजींनी पेट्यांसाठी दोन जास्तीचे पाटे कोंबले होते, ते मिस्त्रीनं काढून माझ्या हातात दिले. "आता पेट्या भरता का फिराले जाता?" गाडी मुळात अर्ध्या टनाची, तेवढंच ठेवलं. पाट्याचं टोक झुलतं ठेवणाऱ्या शॅकलचे बुश गनमेटलचे, लेथवर काढलेले.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले, अकरा लागले. पेरणी आली की ट्रॉल्या आधी, तुमची हौस मागं. थोडा दोष गाडीचाही आहे: हिचा ड्राइव्ह शाफ्ट नळीत बंद, त्यामुळं मागचा एक्सल काढायचा तर गिअरबॉक्सपासून सोडावं लागतं. ग्रीस न पुसता गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग मारला, तो पोपडे होऊन निघाला. जुने हातवाले (दांडीवर चालणारे) शॉकअप त्याला जमले नाहीत, ते त्यानं आधीच कबूल केलं. आम्ही नळीवाले लावले. शेवरोलेनंही १९५० पासून तेच केलं होतं.

सगळ्यात मोठी चूक पाचरीची. पुढच्या एक्सल आणि पाट्यामध्ये जी पाचर बसते, तिची जाड बाजू मागं हवी, म्हणजे किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) डोकं मागं कलतं आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. मिस्त्रीच्या हाताखालच्या पोरानं ती उलटी घातली. पन्नासच्या वेगाला गाडी पिलेल्या माणसासारखी रस्ताभर. वीस किलोमीटर मी जीव मुठीत धरून चालवली. परत नेली तेव्हा मिस्त्रीनं पोराला माझ्यासमोर झापलं, तासाभरात दुरुस्त केलं, पैसे घेतले नाहीत.

एकूण खर्च ४१ हजार, नव्या पाट्यांचं लोखंड किलोवर, हिशेब वहीच्या पानावर. परवा वीस क्रेट भरून मंडीत गेलो. गतिरोधकावर गाडी एकदा दबली, एकदा उठली, बस.

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, रंग स्वतः मारा, आणि पाचरीच्या जाड बाजूवर खडूनं ‘मागं’ लिहून मगच पोराच्या हातात द्या.