वीस वॅटचा एचएफ सेट, आठ महिने वापरून

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेनं दूरवर बोलायचा, हा छोटा शॉर्टवेव्ह (एचएफ) सेट घेतला तेव्हा एएम, एफएम, एसएसबी, सीडब्ल्यू (मोर्स) हे संदेश पाठवायचे सगळे प्रकार परवान्याच्या परीक्षेपुरते पाठ होते. उमगलं मात्र अंबाजोगाईत घराच्या माळवदावर ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या आसपासची) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीसारखी तारेची अँटेना, ताणल्यावर. बांबूवर मधला भाग, दोन्ही टोकं खाली, तार एकूण २० मीटर. करंटला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी.

स्क्रीनवरच्या वॉटरफॉलसाठीच (बँडवरचे सिग्नल रेघांनी दाखवणारं चित्र) सेट घ्यावा, असं मी म्हणेन. आपल्याकडे हॅमचा हा बँड ७.२०० मेगाहर्ट्झला संपतो आणि वर लगेच ब्रॉडकास्ट स्टेशनं लागतात. संध्याकाळी नॉब तिकडे फिरवा. मधोमध जाड उभी रेघ, दोन्ही बाजूंना एकसारखी नक्षी. ती रेघ म्हणजे एएमचा कॅरियर, आवाज वाहून नेणारी मूळ लहर; बाजूची नक्षी म्हणजे आवाज. निवेदक थांबला तरी ती हलत नाही. आवाज पूर्ण भरला (पूर्ण मॉड्युलेशन) तरीही दोन तृतीयांश ताकद तीच खाते, आणि उरलेल्यात एकच मजकूर दोनदा जातो. आता ७.१०० ला परत या. रेघ गायब, नक्षी एकाच बाजूला, तीही माणूस बोलेल तेवढीच. ही एसएसबी (सिंगल साइडबँड). वीस वॅटवाल्याला ती का परवडते, हे मला तिथे डोळ्यांनी दिसलं.

कॅरियर नाही म्हणून सूर आपणच जुळवायचा. थोडं चुकलं की समोरचा बदकासारखा बोलतो. दहा-दहा हर्ट्झ सरकवत गेलं की एका जागी तोच आवाज माणसाचा होतो. सोलापूरकडचे एक काका मला असे सापडले. ‘या, बोला, नीट येताय,’ म्हणाले, तेव्हा माझा हात माइकवर थरथरत होता. (दहा मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी म्हणजे नक्षीची खालची बाजू, वर यूएसबी म्हणजे वरची बाजू हा रिवाज, सेट आपोआप बदलतो.)

आमच्याकडे खरा त्रास गोंगाटाचा. एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर, शेजारच्या बोअरचा स्टार्टर. रात्री सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस ७ च्या खाली येत नाही. मार्चमध्ये एकदा गल्लीतली लाइट गेली आणि काटा धपकन एस २ वर आला. खरखरीखाली इतका वेळ दबलेला मोर्सचा बारीक सूर एकदम मोकळा झाला. लाइट आल्यावर तो पुन्हा बुडाला. मग मी फिल्टर २५० हर्ट्झवर आणला आणि सूर परत वर आला! एसएसबीला साधारण २४०० हर्ट्झचं दार उघडं ठेवावं लागतं, त्यातून गोंगाटही तेवढाच आत येतो. सीडब्ल्यूला त्याच्या दहाव्या हिश्श्याची फट पुरते. तेव्हापासून मोर्सचा सराव मी एक दिवसही चुकवलेला नाही.

एफएम या सेटवर नाही. परळीच्या मित्राशी १४५ मेगाहर्ट्झवर हातातल्या सेटनं बोलतो. आवाज स्वच्छ, पण सिग्नल जरा पडला की एकदम तुटतो.

तक्रारी दोन. पंख्याचा आवाज रात्री कानाला लागतो. आणि सेट तापतो, विशेषतः एफटी८ वर, म्हणजे कॉम्प्युटरनं छोटे संदेश पाठवताना. २०१७ साली आलेला हा मोड जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो, पण १५ सेकंदांच्या पाळीत जवळपास १३ सेकंद पूर्ण ताकदीनं चालतो. एप्रिलच्या उन्हात माळवदाखालच्या खोलीत सेट अर्ध्या तासात हात लावू देईना. आता मी दहा वॅटवरच चालवतो. उत्तरं पूर्वीसारखीच येतात.