रॉडच्या धाग्यावरचं लाइट बिल्ड इपॉक्सी: माझा अनुभव

हाताने बनवलेल्या फिशिंग रॉडवर डेकोरेटिव्ह धागा गुंडाळल्यावर वरून द्यायचं हे दोन भागांचं इपॉक्सी फिनिश, आणि मला ते मनापासून आवडलंय. पातळ असल्यामुळे धाग्यात छान मुरतं, गाईडच्या (दोरी जिच्यातून जाते त्या कडीच्या) पायाशी जी बारीक फट राहते ना तिथेपण आपोआप शिरतं आणि अडकलेली हवा बाहेर येते, जाड हाय बिल्ड इपॉक्सीमध्ये हे इतकं सहज होत नाही. रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मात्र सिरिंजनेच मोजा, अगदी समसमान, अंदाजपंचे ओतलं तर चिकटच राहणार. हळू ढवळायचं, लावायचं, रॉड मोटरवर फिरत ठेवायचा नाहीतर खाली ओघळ जमतो, आणि बुडबुडे दिसले तर लांबून हलकीशी ऊब पुरते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, साध्या नायलॉन धाग्याचा रंग याने गडद आणि पारदर्शक होतो, पांढरा तर जवळजवळ गायबच. रंग आहे तसा हवा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर (धाग्याचा रंग टिकवणारा द्रव) लावून तो पूर्ण सुकू द्या. मेटॅलिक धाग्याला त्याची गरज नाही. एका हातात भागत नाही, दोन पातळ हात द्याच, दुसऱ्यानंतर काचेसारखी चमक येते.