ट्रेलरच्या टायरची हवा: आठ महिने सेन्सर वापरल्यावर

मार्चमध्ये आमच्या 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलरला (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) टायरमधली हवा मोजणारे चार प्रेशर सेन्सर बसवले, व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून लावायचे असतात तसले, आणि आता नोव्हेंबर संपत आलाय, फिनिक्सचा अख्खा उन्हाळा आणि ग्रँड कॅन्यनची थंडी दोन्ही बघून झालं, म्हणून म्हटलं आता लिहावं. इथे अमेरिकेत गाड्यांना 2008 च्या मॉडेलपासून हे सेन्सर सक्तीचे आहेत पण ट्रेलरला तो नियम नाही, आणि खरी गरज तर ट्रेलरलाच आहे, कारण मागे चार चाकं असतात, त्यातल्या एकाची हवा गेली तर शेजारचं चाक वजन उचलून धरतं आणि पुढे स्टिअरिंगवर बसलेल्याला काहीही जाणवत नाही. तोपर्यंत तो टायर आतून तापून साल निघायला लागलेला असतो.

पण सेन्सरच्या आधी हवा किती ठेवायची ते ठरवा, नाहीतर सेन्सरच्या स्क्रीनवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे स्टिकर असतो त्यावर टायरचा साइज आणि थंड टायरचं प्रेशर लिहिलेलं असतं. आमच्यावर कंपनीचे एसटी (म्हणजे खास ट्रेलरचे) 205/75 आर14, लोड रेंज (वजन पेलायची श्रेणी) सी होते, म्हणजे 50 हवेला (सगळे आकडे पीएसआयमध्ये) एक टायर 1,760 पौंड उचलणार. मग पाण्याची टाकी भरून, सामान, भांडी, सायकली सगळं चढवून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर नेला (हे कराच, अंदाजाने चालत नाही) तर दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून 6,240 पौंड. भागून टायरमागे 1,560 येतात, दिसायला ठीक वाटतं, पण किचनची बाजू नेहमीच जड असते, तिकडच्या टायरला किती श्वास उरला असेल सांगा. त्यामुळे त्याच साइजचे लोड रेंज डी घेतले, 65 हवेला 2,040 पौंड. रिमला 65 चालतं का ते मात्र आधी विचारून घ्या, आणि टायर दणकट घेतला म्हणून अ‍ॅक्सलची क्षमता वाढत नाही, सामान तेवढंच ठेवायचं.

मध्ये एकाने सांगितलं म्हणून महिनाभर 58 ठेवून पाहिली. कपाटातल्या बरण्या कमी आपटल्या हे खरं, पण टायर जास्त तापत होते ते स्क्रीनवर दिसायचं, म्हणून परत 65. ट्रेलरच्या टायरला कमी हवा म्हणजे साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सतत दबणार, आणि उष्णतेनेच टायर मरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 65 म्हणजे थंड टायरला 65, सकाळी, ऊन लागायच्या आधी, गाडी किमान तीन तास उभी असताना. आमच्या ड्राइव्हवेत पूर्वेकडच्या दोन टायरांवर आठ वाजताच ऊन येतं आणि ते 3-4 ने जास्त दाखवतात. चालताना ब्लॅक कॅन्यन सिटीनंतरच्या चढावर 75-76 पर्यंत जातं, ते बरोबर आहे, तिथे थांबून हवा सोडायची नाही. माझ्या मैत्रिणीने सोडली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे चारही टायर 55 वर.

ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यनला गेलो, फिनिक्सहून निघताना 75 फॅरनहाइटला 65 भरली होती, तिकडे सकाळी तापमान 35. दर दहा अंशाला साधारण दीड कमी होते म्हणजे 59 दिसायला हवी होती, पण हातातल्या गेजवर 62. आधी गेजवरच शंका आली, मग लक्षात आलं की सात हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे गेज तेवढंच वर दाखवतं. तिथे 65 केली आणि घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी थंड टायरला परत जुळवली.

तक्रार एकच पण मोठी. जूनमध्ये मागचा उजवा टायर दर तीन दिवसांनी 61 वर यायचा. खिळा नाही, चीर नाही. शेवटी डिशसोपचं पाणी लावून खाली बसले आणि सेन्सरला बोटाने हलकेच एका बाजूला दाबलं, तर व्हॉल्व्हच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे, सोडलं की बंद. रबरी व्हॉल्व्ह होता, सेन्सरच्या वजनाने चाक फिरताना तो बाहेर वाकत होता. चारही धातूचे व्हॉल्व्ह टाकून घेतले, तेव्हापासून त्रास नाही. माहितीपुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही, आणि हे मला अजिबात पटलेलं नाही, घेणाऱ्याचा जीव त्या टायरांवर असतो.

बाकी अलार्म 55 ला लावलाय पण मी अलार्मची वाट बघत नाही, चारही आकडे एकमेकांशी ताडून बघते. ऑगस्टमध्ये फ्लॅगस्टाफहून उतरताना तिघं 73 च्या आसपास आणि एक 68, मग 67, मग 66. अलार्म गप्प होता. कॅम्प वर्डेला हायवेवरून बाहेर पडून पाहिलं तर ट्रेडमध्ये (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) स्क्रू, नुसतं डोकं चमकत होतं. लहानपणी हायवेच्या ढाब्यावर ट्रकचा क्लीनर टॉमीने एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचा ते आठवलं, तोही शेजारच्या टायरच्या आवाजाशीच ताडून बघायचा ना.

त्या दिवशी स्टेपनी काढली तर तिच्यात 38 हवा. कंप्रेसर सोबत होता म्हणून निभावलं. सेन्सर चारच घेतले होते, आता स्टेपनीसाठी पाचवा मागवलाय.