जीपीएस ते कॅड आणि कॅड ते जीपीएस : काही महिन्यांच्या वापरानंतर

साधं हँडहेल्ड (हातात धरायचं) जीपीएस, गरज पडेल तेव्हा भाड्याने आणलेला आरटीके रोव्हर (सेंटीमीटरपर्यंत जागा सांगणारं जीपीएस यंत्र), मध्ये क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि शेवटी ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, म्हणजेच कॅड), ही साखळी आमच्या ऑफिसात उन्हाळ्यापासून चालू आहे. कामं बहुतेक पाणलोटाची. नाला खोलीकरण, बंधाऱ्याच्या जागा, शेततळी, शिवाय एखाद्या गावाची पाइपलाइन. माझं मत आधीच सांगतो: ही व्यवस्था भरवशाची आहे आणि छोट्या ऑफिसला परवडणारी आहे. मात्र तिचा भरवसा मधल्या क्यूजीआयएसमुळे आहे. ते गाळून जीपीएसचे आकडे सरळ कॅडमध्ये ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कारण साधं आहे. जीपीएसच्या जीपीएक्स फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असतात, अंशांमध्ये. कॅडला सपाट कागद कळतो, एक्स आणि वाय. अंश तसेच टाकले तर अख्खं शिवार एका ठिपक्याएवढं दिसतं. मग लोक ते एक लाखाने मोठं करतात आणि काम झालं म्हणतात. पण आपल्याकडे १९ अंश अक्षांशावर एक अंश रेखांश साधारण १०५ किमी भरतो आणि एक अंश अक्षांश ११०.७ किमी. म्हणजे तो नकाशा पूर्व-पश्चिम ताणलेला असतो आणि चौकोनी शेतसुद्धा आयताकृती दिसतं. त्यावरून क्षेत्रफळ काढलं तर ते कशालाच जुळणार नाही.

म्हणून आधी यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे (झोन) सपाट धरून मीटरमध्ये मोजायची पद्धत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झोन ४३ उत्तरमध्ये येतो. क्यूजीआयएसमध्ये त्याचा ईपीएसजी (अशा पद्धतींच्या यादीतला) क्रमांक ३२६४३. पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ सुरू होतो, क्रमांक ३२६४४. अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्याचे तर दोन भाग पडतात: पुसद ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये. विदर्भातल्या कामाची फाइल आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. नागपूरचे बिंदू झोन ४३ मध्ये बसवले तर काहीच अडत नाही, नकाशा नीट उघडतो, आकार ओळखीचा दिसतो. फक्त दर किलोमीटरला सुमारे १.८ मीटर लांबी जास्त येते. डोळ्यांना न दिसणारी चूक सगळ्यात महागात पडते.

बरोबर झोनमध्येही एक गोष्ट राहते आणि ती आपल्या ड्राफ्ट्समन मंडळींना कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. यूटीएममध्ये मध्य रेखांशावर मापाचं प्रमाण ०.९९९६ धरलेलं असतं. झोन ४३ चा मध्य रेखांश ७५ अंश, म्हणजे अहिल्यानगर शहराच्या थोडा पूर्वेला. त्या पट्ट्यात टेपने मोजलेला एक किलोमीटर कॅडमध्ये ४० सेंटीमीटर कमी दिसतो. पुण्याकडे हा फरक २२ सेंटीमीटरच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे त्यात आणखी ९ सेंटीमीटरची भर. क्षेत्रात बोलायचं तर मध्य रेखांशाजवळ हेक्टरमागे सुमारे ८ चौरस मीटर कमी. शेततळ्याला याने काही बिघडत नाही. पण पाच किलोमीटरच्या पाइपलाइनचं अंदाजपत्रक कॅडच्या लांबीवरून काढत असाल तर हा फरक नोंदवून ठेवा, कारण टोटल स्टेशन (जमिनीवर अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) घेऊन येणारा माणूस पुढे नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

आता रोजची पद्धत. हँडहेल्ड यूएसबीने जोडलं की पेन ड्राइव्हसारखं उघडतं, जीपीएक्स फाइल उचलायची. जुन्या सिरीयल केबलच्या यंत्रासाठी जीपीएसबेबल वापरतो. ते फुकट आहे आणि माहीत असलेला जवळजवळ प्रत्येक फॉरमॅट वाचतं. मग क्यूजीआयएसमध्ये उघडून ३२६४३ मध्ये निर्यात. इथे मी एक नियम पक्का केला आहे: रेषा डीएक्सएफने, बिंदू सीएसव्हीने (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल). डीएक्सएफ हा १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबरच आलेला फॉरमॅट. रेषा आणि पॉलिलाइन तो चोख नेतो, पण त्यातला नुसता बिंदू म्हणजे फक्त जागा, त्याला नाव नसतं. ‘विहीर’, ‘बांधाचा कोपरा’, ‘विजेचा खांब’ ही आपण उन्हात उभं राहून भरलेली माहिती तिथे गळून पडते.

सीएसव्ही एक्सेलमध्ये घेतली की पुढचं सोपं. एका रकान्यात पॉइंट कमांड, मग ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, एक्स), स्वल्पविराम, नॉर्थिंग (उत्तरेकडचं अंतर, वाय) जोडून घ्यायचं आणि सगळा रकाना ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर चिकटवायचा. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. ऑटोकॅडला स्पेस म्हणजे एंटर. ओस्नॅप (जवळच्या बिंदूला आपोआप पकडणारी सोय) एफ३ दाबून बंद करा, नाहीतर जवळजवळचे बिंदू एकमेकांना चिकटण्याची शक्यता राहते. बिंदू दिसतच नाहीत असं वाटलं तर पीडीमोड (बिंदूचं चिन्ह ठरवणारा आकडा) ३ करा आणि झूम एक्स्टेंट्स घेऊन सगळं चित्र पडद्यावर आणा. आणि आधी ईस्टिंग, मग नॉर्थिंग. सर्व्हेच्या पुष्कळ फाइली नॉर्थिंग आधी लिहितात. क्रम उलटला की गावाचा नकाशा आरशातल्यासारखा येतो. मध्यातून वाहणारा ओढा सरळ असेल तर हे लक्षातही येत नाही.

पुण्याजवळ ईस्टिंग पावणेचार लाखांच्या पुढे आणि नॉर्थिंग वीस लाखांच्या वर असतं. एवढे मोठे आकडे बघून बरेच जण सगळं चित्र उचलून शून्य-शून्यवर आणतात. कृपया असं करू नका. मूव्ह केल्याक्षणी त्या चित्राचा जमिनीशी संबंध तुटतो आणि परत जीपीएसवर न्यायचा रस्ता बंद होतो. हॅचला (रेघांनी भरलेल्या भागाला) त्रास होत असेल तर यूसीएस (कॅडमधले आपण ठरवलेले अक्ष) हलवा, चित्र जागेवर राहू द्या. चित्राच्या कोपऱ्यात झोन, डेटम (मोजणीसाठी आधार धरलेला पृथ्वीचा आकार) आणि एकक लिहिलेला मजकूर आम्ही आता सक्तीचा केला आहे, कारण डीएक्सएफमध्ये ही माहिती जात नाही. चार ओळींचा तो मजकूर नसलेलं ड्रॉइंग मी तपासायला घेत नाही.

देवनागरीबद्दल वेगळं सांगायला हवं. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये मराठी अक्षरं नसतात, म्हणून नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगल किंवा निर्मला लावला की अक्षरं येतात, पण जुन्या डीएक्सएफ आवृत्तीतून आलेल्या मजकुराचा कधीकधी मूळ एन्कोडिंगमध्येच घोळ झालेला असतो. आम्ही फील्डवर विहिरीला, खांबाला, कोपऱ्याला छोटे इंग्रजी कोड देतो आणि मराठी नावं कॅडमध्येच चढवतो. सरपंचांसमोर ठेवायच्या नकाशावर मराठीच हवं, त्याबाबत तडजोड नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग म्हणजे परतीचा प्रवास. पाइपलाइनची रेषा कॅडमध्ये पक्की झाली की मेझर कमांडने दर ३० मीटरला बिंदू टाकतो, डेटा एक्स्ट्रॅक्शनने त्यांचे आकडे सीएसव्हीत काढतो, एक्सेलमध्ये चेनेजची (सुरुवातीपासूनच्या अंतराची) नावं देतो. ती सीएसव्ही क्यूजीआयएसमध्ये घेऊन जीपीएक्स केली की बिंदू हँडहेल्डमध्ये नावानिशी हजर. खुद्द रेषा डीएक्सएफमधून जाते. ती उघडल्यावर आधी ‘ही फाइल ३२६४३ मध्ये आहे’ असं लेयरला सांगायचं असतं, आकडे बदलायचे नसतात. रूपांतर जीपीएक्स करताना आपोआप होतं. नव्याने शिकणारी मुलं इथेच अडखळतात, म्हणून शेजारी बसून दोनदा करून घ्या. जीपीएक्समध्ये बंद आकृती असा प्रकारच नाही, त्यामुळे शेततळ्याची हद्द ट्रॅक म्हणून पाठवायची. गावातला माणूस यंत्र हातात घेऊन स्वतः त्या रेषेवर चालतो, ‘इथं खडक हाय, साहेब, थोडं वर घ्या’ म्हणतो, आणि तो बदल संध्याकाळी ड्रॉइंगमध्ये येतो. छापील नकाशावर हे बोलणं कधीच एवढं नेमकं होत नव्हतं.

उंचीच्या बाबतीत मात्र सावध राहा. रोव्हर देतो ती इलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारावरची उंची. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या पृष्ठभागाच्या साधारण साठ मीटर खाली आहे, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर रोव्हर उणे साठच्या आसपास आकडा दाखवतो. रोव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये जिऑइड मॉडेल (समुद्रसपाटीचा हिशेब) चालू आहे का ते बघा आणि जवळच्या बेंचमार्कवर (उंची ठाऊक असलेल्या खुणेवर) उभं राहून पडताळा. हँडहेल्डच्या उंचीवर नाल्याचा उतार तर ठरवूच नका.

आडव्या अचूकतेत हँडहेल्ड उघड्या आभाळाखाली तीन ते पाच मीटर, आंब्याच्या बागेत त्याहून वाईट. वीस गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू जेमतेम ४५ मीटर असते, तेव्हा त्यावरून क्षेत्र सांगणं शेतकऱ्यावर अन्याय आहे. प्राथमिक आखणी, जागा शोधणं, खड्ड्यांची नोंद यासाठी हँडहेल्ड उत्तम. बांधकामाच्या आखणीला आरटीके हवा, तो काही सेंटीमीटरच्या आत देतो, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या) जाळ्यामुळे स्वतःचं बेस स्टेशन मांडायची गरज पुष्कळ ठिकाणी उरत नाही. मोबाइलला रेंज मात्र हवी. हद्दीचा वाद असेल तर आमच्या कॅडमधली रेषा कितीही नीटस असली तरी मी ती कोणाच्या हातात देत नाही. तिथे भूमी अभिलेख विभागाकडे मोजणीचा अर्ज करा, असंच सांगतो.