बदलापूर की वासेपूर?

"दादा, शनिवारी रात्री घरात एकटाच हाय. नवीन काय मनासारखं लागलं नाही, एखादा सूडाचा पिक्चर सांग की." रंकाळ्यावर भेळ खाताना मावसभावानं विचारलं आणि गाडी दोन नावांवर अडली: 'बदलापूर' (२०१५) आणि 'गँग्स ऑफ वासेपूर' (२०१२).

बदलापूर सव्वादोन तासांत आटोपतो. वासेपूरचे दोन भाग मिळून पाच तासांच्या वर जातात.

वासेपूरमधला सूड वारशानं येतो, बापाचं वैर पोरगा पुढं चालवतो. माणसं इतकी की नाती लक्षात ठेवावी लागतात. बदलापूरचा रघू एकटा. बायको आणि पोरगं गेल्यावर तो १५ वर्षं थांबतो, आणि शेवटाकडं कुणाची बाजू घ्यावी तेच कळेनासं होतं. मला हाच जास्त लागला. दोन्हीकडं नवाजुद्दीन सिद्दीकी आहे. वासेपूरमधल्या त्याच्या फैजलचे गांज्यानं जडावलेले डोळे आणि बदलापूरमधल्या लायकचं निर्ढावलेलं हसू, एकाच माणसाचं वाटत नाही!

दोन्ही प्रौढांसाठीचेच. शिव्या वासेपूरमध्ये जास्त.

भावाला सांगितलं, एकटा आहेस, एकच रात्र आहे, बदलापूर लाव. दोस्तमंडळी जमली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असली, तर वासेपूर.